दापोलीने कोकणाला काय दिलं? बागेतल्या माणसाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "राजापूर तालुक्यात आमची आजोबांची चार एकर जमीन आहे, त्यातली निम्मी कातळ. मुंबईची नोकरी सोडून तिथे आंबा-काजू करायचं मनात आहे. गावातले काका म्हणतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पन्नास वर्षांत इमारती बांधल्या आणि पगार घेतले, शेतकऱ्याच्या हाताला काही लागलं नाही. विद्यापीठाच्या पुस्तिका चाळल्या तर यशाची लांबच लांब जंत्री दिसते. खरं काय धरायचं? आणि त्यांच्या शिफारशींवर विसंबून लागवड करावी का?"

आधी काकांचं बघू. ज्या कलमाच्या सावलीत बसून ते हे बोलले, ते कलम कुठलं आणि कसं बांधलेलं, एवढं त्यांना विचारा. आजोबांच्या हातचं जुनं असेल तर ते भेट कलम असणार. 1990 नंतरचं असेल तर बहुतेक कोय कलम. दोन्हींतला फरक पुढे सांगतो. आणि कोय कलम असेल तर दापोलीने काय दिलं याचं निम्मं उत्तर काकांच्या पाठीशीच उभं आहे.

मी स्वतः दापोलीचा विद्यार्थी. 1986 साली पदवी घेऊन बाहेर पडलो आणि तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यात रोपवाटिका चालवतो, लोकांच्या बागा बघतो. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा माहेरचा ओढा असणार, तो गृहीत धरूनच वाचा. पण त्याच विद्यापीठातल्या लोकांशी मी शिवारफेरीत भर उन्हात भांडलोही आहे, आणि त्यातली काही भांडणं अजून मिटलेली नाहीत.

विद्यापीठ कसं आलं ते पाहिल्याशिवाय त्याने काय केलं हे तोलता येत नाही. 1968 साली सगळ्या महाराष्ट्रासाठी मिळून एकच कृषी विद्यापीठ झालं. पुढच्याच वर्षी विदर्भासाठी अकोल्याचं वेगळं निघालं, पश्चिम महाराष्ट्राचं राहुरीला गेलं. मग 18 मे 1972 रोजी, एकाच दिवशी, परभणीचं आणि दापोलीचं अशी दोन विद्यापीठं उभी राहिली. दापोलीला कृषी महाविद्यालय 1965 पासून होतंच, त्याच्याभोवती हे बांधलं गेलं. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव दिलं. हे म्हणजे पी. के. सावंत, 1963 मध्ये कन्नमवारांच्या निधनानंतर काही दिवस राज्याचे हंगामी मुख्यमंत्री झालेले कोकणचे पुढारी.

कोकणाला वेगळं विद्यापीठ कशाला हवं होतं? राहुरीत बसून उसाचा आणि ज्वारीचा विचार करणाऱ्या माणसाला आमचा जांभा दगड कळत नाही म्हणून. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मार्चला विहिरीचा तळ दिसतो. जमीन उताराची, तुकड्यातुकड्यांची, सातबाऱ्यावर पंधरा नावं. घरातला कर्ता माणूस गिरणीत, घर मनीऑर्डरवर. पेरायचं ते भात आणि वरकसावर, म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीवर, नाचणी-वरी, तेही पालापाचोळा जाळून भाजावळ करून. आंबा होता, पण आंब्याकडे 'शेती' म्हणून बघण्याची पद्धत मोजक्या बागायतदारांपुरतीच होती. बाकीच्यांच्या दारात रायवळ, म्हणजे बाठ्यापासून उगवलेला गावठी आंबा. असा प्रदेश दुसऱ्याच्या पुस्तकातल्या शिफारशींवर चालला नसता.

आता कोय कलम. हे जरा सविस्तर सांगतो, कारण विद्यापीठाच्या यशाचं मोजमाप मला विचाराल तर मी इथूनच सुरुवात करेन. पुस्तिकेत मात्र ते एका ओळीत उरकलेलं असतं.

भेट कलम बांधायचं म्हणजे वर्षाचं रोप कुंडीत किंवा करंडीत घ्यायचं, चांगल्या हापूसच्या झाडाला मचाण बांधायचं, रोप त्या मचाणावर नेऊन फांदीशेजारी ठेवायचं, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचं. मग दोन-अडीच महिने त्या उंचीवर रोज पाणी घालायचं. जुळलं की खालून फांदी तोडायची. एका झाडावर किती मचाणं बांधणार? किती फांद्या तोडणार? चांगलं कलम म्हणजे श्रीमंताचं काम होतं. ज्याच्याकडे आईझाड आहे, गडी आहेत, पाणी आहे, त्याचं.

कोय कलमाची कल्पना कागदावर साधी आहे. जूनमध्ये रायवळचे बाठे, म्हणजे कोयी, रुजत घालायचे. पंधरा-वीस दिवसांत कोंब वर येतो, पानं अजून तांब्याच्या रंगाची कोवळी असतात. त्याच वेळी ते रोप बोटभर उंचीवर कापायचं, मध्ये चीर द्यायची, आणि हापूसची तेवढ्याच जाडीची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. झालं. मचाण नाही, आईझाडाला बांधून ठेवणं नाही. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने दुसऱ्या तालुक्याला नेता येतात. हात बसलेला माणूस दिवसाला शे-दोनशे कलमं सहज बांधतो. पावसाळी दमट हवा कलम जुळायला उत्तम, आणि ती कोकणात फुकट मिळते.

पण पाचर मारायची कधी, काडी किती जून हवी, पानं किती दिवस आधी खुडायची, कुठल्या महिन्यात जास्त जगतात आणि कुठल्या महिन्यात मरतात, हे सगळं कोणीतरी वर्षानुवर्षं हजारो रोपं मारून मोजायला लागतं. ते मोजण्याचं काम दापोलीत झालं. आणि मोजून झाल्यावर त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली: ती कला कुलपात न ठेवता गावातल्या पोरांना शिकवली. माझ्या रोपवाटिकेत पहिली आठ वर्षं कलमं बांधणारा माणूस सातवी नापास होता. विद्यापीठाच्या शिबिरात शिकलेला. आज त्याची स्वतःची रोपवाटिका आहे आणि तिचं गिऱ्हाईक माझ्यापेक्षा जास्त आहे.

मग 1990 साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. शंभर टक्के अनुदान. वरकस जमिनीवर आंबा-काजू लावा, खर्च सरकारचा. कोकणाचे डोंगर हिरवे झाले ते या योजनेने, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण त्या वर्षी गावोगाव लाखांनी कलमं लागली, ती आली कुठून? भेट कलमाच्या काळात ती योजना जाहीर झाली असती तर पैसे परत गेले असते. कलम बांधणारे हात दहा-पंधरा वर्षं आधीपासून तयार होत होते म्हणून ती योजना जमिनीवर उतरली. सरकारी योजनेचं श्रेय मंत्र्याला जातं, झाडाचं श्रेय मालकाला. मधली कडी कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि विद्यापीठाचं बरंचसं काम असं मधल्या कडीचंच आहे.

काजूचं तर याहून ठळक. पूर्वी काजू म्हणजे बी टाकून उगवलेलं झाड. एकाची बी जाड, शेजारच्याची वाटाण्याएवढी. परपरागीभवन होत असल्याने चांगल्या झाडाचं बी लावलं तरी पोर चांगलं निपजेलच याची खात्री नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात यावर काम झालं. हे केंद्र विद्यापीठापेक्षा जुनं, नंतर त्यात सामील झालेलं. तिथून एकामागून एक जाती निघाल्या, वेंगुर्ला-1 पासून वेंगुर्ला-9 पर्यंत. त्यातल्या दोन तुम्ही लक्षात ठेवायच्या: 1981 ची वेंगुर्ला-4 आणि 1997 ची वेंगुर्ला-7. चारची बी साधारण पावणेआठ ग्रॅमची, सातची जवळजवळ दहा ग्रॅमची. म्हणजे किलोत शंभर बिया. जुन्या गावठी झाडाच्या दोनशेच्या आसपास भरायच्या.

हा आकड्यांचा खेळ वाटेल, पण काजूच्या धंद्यात सगळं इथेच ठरतं. गराची प्रत एका पौंडात किती नग बसतात त्यावर मोजतात. 180 वाला गर आणि 320 वाला गर यांच्या भावात किती अंतर आहे ते मुंबईच्या कुठल्याही सुक्या मेव्याच्या दुकानात बघा. बी फोडणाऱ्या बाईलाही जाड बी परवडते, तितक्याच वेळात जास्त गर निघतो. आज सिंधुदुर्गात आणि दक्षिण रत्नागिरीत घरोघर काजूवर प्रक्रिया करणारे छोटे कारखाने आहेत, ते या दोन जातींच्या जिवावर उभे आहेत. कोवळ्या खोडावर बांधलेल्या मृदुकाष्ठ कलमामुळे तिसऱ्या वर्षापासून बी दिसायला लागली, म्हणून माणसं थांबायला तयार झाली. सात-आठ वर्षं थांबा म्हटलं असतं तर मुंबईची गाडी पकडली असती सगळ्यांनी.

काजूच्या बोंडांचं मात्र काही झालं नाही. सीमेपलीकडे गोव्यात त्याच बोंडाची फेणी होते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. सीमेच्या अलीकडे सिंधुदुर्गात मे महिन्यात बोंडं झाडाखाली कुजतात आणि वासाने डोकं दुखतं. सरबत, सिरप, वाईन यांवर विद्यापीठात काम झालेलं आहे. पण ते पुस्तिकेतून गावात पोचलेलं नाही. यात अबकारी कायद्याचा दोष जास्त आणि विद्यापीठाचा कमी, असं माझं मत. काकांना ते पटणार नाही.

आता जिथे शास्त्र जिंकलं आणि बाजार हरला, ते सांगतो. हापूसला दोन खोडी. एक, वर्षाआड धरतो. दोन, साका. बाहेरून देखणा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गाभा. कातळातून उसळणारी उन्हाची धग हे त्याचं एक कारण, म्हणून कलमाखाली गवताचं आच्छादन ठेवा आणि आंबा चौदा आण्यांना उतरवा, अशी शिफारस आहे. पण मुळातच साका नसलेला आंबा तयार करता आला तर? नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 साली रत्ना आला. नियमित धरतो, फळ मोठं, गर गडद केशरी, साका नाही. मग रत्नाचा परत हापूसशी संकर करून 1992 मध्ये सिंधू आला, त्याची कोय इतकी पातळ की जवळजवळ नाहीच म्हणा. प्रजननशास्त्र शिकवणाऱ्याने वर्गात उदाहरण म्हणून सांगावं असं काम.

आणि तरीही वाशीच्या बाजारात रत्नाची पेटी घेऊन जा. दलाल विचारतो, "हा कुठला?" गिऱ्हाईक हापूस मागायला आलेलं असतं, त्याला दुसरं नाव सांगितलं की भाव निम्मा. मी स्वतः नव्वदच्या दशकात तीस कलमं रत्नाची लावली होती. आता त्यातली चार आहेत, घरच्यासाठी, बाकीच्यांवर हापूसच्या काड्या भरल्या. सिंधू तर लोकांनी पाहुण्यांना कापून दाखवायला एकेक झाड ठेवलंय. हापूसचं नाव हीच हापूसची खरी किंमत आहे हे त्या काळी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढे आलं. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या अर्जदारांत विद्यापीठ होतं. मला यात गंमत वाटते: ज्या संस्थेने हापूसला पर्याय शोधण्यात वीस वर्षं घातली, तीच शेवटी हापूसच्या नावाची राखण करायला उभी राहिली. दोन्ही कामं आपापल्या वेळी बरोबरच होती.

वर्षाआड धरण्याच्या खोडीवर दुसरा उपाय आला, आणि तो मात्र वणव्यासारखा पसरला. कल्टार. म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. झाडात जिबरेलिन नावाचं वाढीचं द्रव्य तयार होतं, ते हे रोखतं. पालवी फुटायची थांबते आणि झाड मोहोराकडे वळतं, तेही दोन-चार आठवडे आधी. विद्यापीठाने प्रयोग करून मात्रा ठरवली: झाडाच्या घेराचा व्यास मोजा, दर मीटरला 3 मिली. वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. झाड दहा वर्षांच्या वरचं, सशक्त. बुंध्याभोवती निम्म्या घेरावर पंचवीस-तीस छोटी भोकं पाडून त्यात पाण्याबरोबर समप्रमाणात ओता. आणि पुढची ओळ: खताची पूर्ण मात्रा दिलीच पाहिजे.

ही पुढची ओळ कोणी वाचली नाही. कोकणात निम्म्या बागा कराराने दिलेल्या असतात. मालक मुंबईला, बाग तीन वर्षांच्या करारावर दुसऱ्याच्या हातात. करारवाल्याला तीन वर्षांत जेवढं निघेल तेवढं काढायचं असतं, चौथ्या वर्षी झाड मेलं तर त्याचं काय जातं? आठ मीटर व्यासाच्या झाडाला 24 मिली हवं तिथे अर्धी बाटली ओततात. खताच्या नावाने शंख. अशा झाडाची पालवी आखडते, पानं गुच्छासारखी जवळजवळ येतात, मोहोर दाटून गोळा झालेला, मग फांद्या वाळत जातात. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याच घराण्यातली साठ कलमांची जुनी बाग चुलत्यांनी कराराने दिली होती. मी कृषी पदवीधर, त्याच गावात, आणि मला कळेपर्यंत पाच वर्षं गेली. माझी चूक अशी की मी दुसऱ्यांच्या बागांना सल्ले देत हिंडत होतो आणि घरच्या बागेत वर्षातून एकदा, आंबे खायला जात होतो. त्यातली वीस-बावीस कलमं शेवटी छाटून पुनरुज्जीवन करायला लागली. ती पद्धतही दापोलीचीच, जुन्या झाडांच्या फांद्या टप्प्याने कापून नवीन आटोपशीर डोलारा तयार करायची. चार वर्षं फळ नाही, मग झाडं परत धरली. सगळी नाही.

तेव्हा कल्टार हे विद्यापीठाचं यश की अपयश? मोहोर लवकर आला, मार्चची पहिली पेटी शक्य झाली, वर्षाआडचं चक्र मोडलं, हजारो घरांत दरवर्षी पैसा आला. आणि त्याच औषधाने बागा झिजल्या. मी विद्यापीठाला दोष देतो तो एवढाच, की तंत्र बाहेर सोडताना ते कोणाच्या हाती पडणार याचा विचार झाला नाही. शिफारस मालकाला उद्देशून लिहिली होती, वापरणारा करारवाला होता. शिवारफेरीत भांडलो ते यावरच.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो, कारण तुमच्या चार एकरांशी त्यांचा संबंध कमी. भातात कर्जत, शिरगाव आणि पनवेल ही तीन ठिकाणं. कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919 चं, तिथून कर्जत मालिकेच्या जाती आणि सह्याद्री नावाची संकरित भातं आली. रत्नागिरीजवळच्या शिरगावातून रत्नागिरी मालिका. पनवेलच्या खारजमीन केंद्राने खाडीकाठच्या खाऱ्या शेतासाठी पनवेल-1, 2, 3 दिल्या. रायगडातला खारेपाटवाला शेतकरी त्यांची किंमत सांगेल. भाट्याच्या नारळ केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, लवंग लावून 'लाखी बाग' उभी केली. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे त्याने ती एकदा जाऊन बघावीच. कोकमाची कोकण अमृता, जांभळाची कोकण बहाडोली या जाती चांगल्या आहेत. शेळीत कोकण कन्याळ, गाईत कोकण कपिला; आमच्या खुज्या, काटक गावठी गाईला स्वतंत्र जात म्हणून कागदावर मान्यता मिळाली हे मला मनापासून आवडलं. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय 1981 पासून चालू आहे, त्याबद्दल बोलण्याएवढा माझा अधिकार नाही.

दोन अवजारांसाठी मात्र थांबतो. नूतन झेला आणि रक्षक सापळा. पूर्वी आंबा झाड हलवून किंवा साध्या झेल्याने ओढून काढायचे, देठ तुटायचा, चीक फळावर ओघळायचा आणि तिथे काळा डाग. नूतन झेल्यात पातं असं बसवलंय की देठासकट आंबा कापला जातो आणि जाळीत पडतो. बास, एवढंच. पण देठ राहिल्याने फळ टिकतं, डाग पडत नाही, कुजत नाही. मे 2014 मध्ये युरोपने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली, फळमाशीची अळी सापडली म्हणून. जानेवारी 2015 मध्ये ती उठली. त्या मधल्या हंगामात आमच्याकडे फळमाशीच्या सापळ्याला एकदम किंमत आली. रक्षक सापळा दापोलीत आधीच तयार होता. प्लॅस्टिकचा डबा, आत मिथाइल युजेनॉलचा बोळा, नर माश्या वासाने आत येतात आणि मरतात. त्याआधी मी तो मोफत वाटला तरी लोक फांदीला लटकवायला कंटाळायचे.

आता काकांच्या बाजूने बोलतो, कारण ते पूर्ण खोटं बोलत नाहीत. दापोलीहून राजापूर गाडीने अर्धा दिवस. मोहोरावर फुलकिडे आले की तुम्हाला त्या दिवशी माणूस हवा असतो, पुढच्या महिन्यातलं चर्चासत्र नको. शास्त्रज्ञांच्या जागा रिकाम्या राहतात. एकेका माणसावर तीन केंद्रांचा भार असतो. मोहोर संरक्षणाचं सहा फवारण्यांचं वेळापत्रक चांगलं होतं. पण हवामान असं बिघडलंय की एकाच झाडावर जानेवारीत बोराएवढी कैरी आणि शेजारच्या फांदीवर नवा मोहोर. वेळापत्रक कुठल्या फांदीप्रमाणे पाळायचं? तुडतुड्याचा बंदोबस्त होतो, फुलकिड्यांनी औषधं पचवायला शिकून घेतलंय. गावात सल्ला देतो तो औषधाच्या दुकानातला मुलगा, कारण तो रोज भेटतो. त्याचा सल्ला म्हणजे त्याच्या फळीवरचा माल. वानर आणि माकडांवर तर कोणाचंच काही चालत नाही, हा विषय काढला की शास्त्रज्ञही हसून वेळ मारून नेतात.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड इकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या. विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारातलीही झाडं पडली. त्यानंतरच्या महिन्यात मी दोन गोष्टी पाहिल्या. पंचनाम्याच्या रांगेत थकलेली माणसं, आणि विद्यापीठातली काही पोरं, कृषी कार्यानुभवासाठी आपापल्या गावी गेलेली, कललेली कलमं दोरीने ओढून सरळ करताना, तुटलेल्या फांद्यांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावताना. बऱ्याच बागायतदारांना कललेलं झाड वाचतं हेच माहीत नव्हतं. ते मुळापासून तोडून सरपण विकत होते.

त्या पोरांबद्दलही खरं सांगायला हवं. दापोलीचा पदवीधर शेती करतो का? फार थोडे करतात. वर्गातले निम्मे स्पर्धा परीक्षेला बसतात, काही बँकेत, काही औषध कंपन्यांत. आमच्या बॅचमधले तिघे स्वतःच्या बागेत आहेत. काका याला अपयश म्हणतील. मी तसं म्हणणार नाही, कारण तालुक्याचा कृषी अधिकारी, बँकेत फळबागेचं कर्ज तपासणारा माणूस आणि पलीकडच्या दुकानातला प्रतिनिधी, तिघांनाही कोय आणि काडीतला फरक कळतो तो तिथूनच. पण हो, घरची जमीन पडीक आणि पोरगा शेतीचा पदवीधर, हे दृश्य गावोगाव आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, विसंबावं का. लागवडीचं साहित्य आणि जात, यांवर डोळे मिटून विसंबा. औषधाची मात्रा आणि वेळ यांवर विसंबा, पण शिफारशीची सगळी ओळ वाचा, अर्धी नको. बाजारभावाबद्दल आणि 'इतक्या वर्षांत इतका नफा' अशा तक्त्यांबद्दल त्यांचं ऐकू नका. तिथे तुमच्या गावच्या दोन जुन्या बागायतदारांचं ऐका.

चार एकरांतल्या मातीच्या दोन एकरांत काजू घाला, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 मिसळून. सातची बी मोठी, पण ढेकण्याचा, म्हणजे रस शोषणाऱ्या किडीचा, उपद्रव झाला तर एकाच जातीवर सगळं घालवू नये. अंतर 7 बाय 7 मीटर, एकरी ऐंशीच्या आसपास झाडं बसतील. खोडाला रोठा, म्हणजे खोड पोखरणारी कीड, लागतोय का ते दर महिन्याला वाकून बघायला लागेल, ते नोकरी सांभाळून रविवारी होत नाही. कातळावर हापूस होतो, उत्तम होतो, पण एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा मशीनने फोडून बाहेरची माती आणून भरायला लागते. तो खर्च प्रति झाड आधी चिरेखाणीवाल्याला विचारून काढा, मग किती झाडं ते ठरवा. पहिली तीन वर्षं मार्च ते मे पाणी लागणारच. त्यासाठी विद्यापीठाचं कोकण जलकुंड बघून ठेवा, खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत ठेवायची सोय. जवळ पऱ्या, म्हणजे लहान ओढा, असेल तर दगड आणि प्लॅस्टिक कापडाचा कोकण विजय बंधारा, तो चार माणसं आठवड्याभरात घालतात. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आधी, कलम नंतर. गुरं मोकळी सोडायची पद्धत तुमच्या गावात अजून आहे, मला माहीत आहे.

कलमं खात्रीच्या ठिकाणाहून घ्या: वेंगुर्ला, दापोली, नाहीतर विद्यापीठाची किंवा कृषी खात्याची मान्यता असलेली रोपवाटिका. मे महिन्यात आगाऊ नोंदणी करा. जुलैत गेलात की वेंगुर्ला-7 संपलेली असते आणि 'साहेब, हे पण तसंच' म्हणून दुसरंच काहीतरी हातात देतात. जोड नीट बघा, पट्टी अजून आत रुतलेली असेल तर ते कलम घेऊ नका. जोडाखालून फुटलेले कोंब असतील तर तिथल्या तिथे खुडायला सांगा. आणि काकांना बरोबर घेऊन जा. कलम निवडताना जुन्या माणसाचा हात लागतो, आणि वेंगुर्ल्याच्या केंद्रातली ती जुनी आईझाडं त्यांनी अजून पाहिली नसतील असा माझा अंदाज आहे.